ज्वारीच्या बिअरला एक दार हवं : राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त,
राज्य उत्पादन शुल्क, महाराष्ट्र राज्य, मुंबई



मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे हे पत्र कुठल्या टेबलावर पाठवायचं ते तुम्हाला लगेच ठरवता येईल. लातूर किंवा नांदेड जिल्ह्यात, गावाबाहेर, स्वतःच्या शेतावर, आठवड्याला पाचशे लिटरपर्यंत ज्वारीची बिअर बनवायची आणि जिथं बनवली तिथंच, ज्यानं बनवली त्यानंच ती गिऱ्हाइकाला विकायची. मध्ये ठोक विक्रेता नाही, बार नाही, वाईन शॉप नाही. एवढ्यासाठी एक छोटं, वेगळं लायसन हवं आहे.

मी औसा तालुक्यातला. परभणीला अन्नतंत्र शिकलो, मग काही वर्षं पुण्याकडच्या एका छोट्या ब्रुअरीत काम केलं, आता गावी आलो आहे. मायक्रोब्रुअरीचं लायसन राज्यात आहेच की, असं तुमचे अधिकारी म्हणतील. आहे, आणि त्याच्याच जिवावर मी हा धंदा शिकलो. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. त्यानंतर इंडिपेंडन्स, एफिंगट अशी नावं वाढत गेली आणि ताजी, न गाळलेली बिअर म्हणजे काय ते निदान पुण्या-मुंबईला कळलं. पण त्या लायसनामागे जो धंदा गृहीत धरलाय तो शहरी हॉटेलाचा आहे. चाळीस टेबलं, एसी, मोठं स्वयंपाकघर, आणि एका ग्लासाला आमच्याकडच्या मजुराच्या दिवसभराच्या रोजाइतके पैसे. दुसऱ्या टोकाला संभाजीनगरजवळच्या वाळूजचे मोठे बिअर कारखाने. या दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे.

द्राक्षवाल्याला मात्र ही मधली जागा मिळाली. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानं नाशिक-सांगलीकडे वायनरी उभ्या राहिल्या, विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क झाले. आज माणूस नाशिकच्या बागेत जातो, चव घेतो आणि तिथूनच बाटली घेऊन निघतो. त्या बागायतदाराचा मला हेवा नाही. पण द्राक्ष पिकवणाऱ्याला जे दार उघडलं, ते ज्वारी पिकवणाऱ्याला का बंद, याचं पटेल असं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. एक जण म्हणाले, ‘वाईन फळाची असते, बिअर धान्याची.’ यात फरक आहे हे खरं. कारण कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता ज्वारीबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘बिअर जवाचीच होते’ असा तुमच्या खात्यातच नव्हे तर धंद्यातही समज आहे. जव मराठवाड्यात पिकत नाही. राजस्थान-हरियाणाकडून त्याचं माल्ट येतं, हॉप्स तर समुद्रापलीकडून. इथं बनणाऱ्या बिअरमध्ये इथलं काय असतं, तर पाणी. आणि नेमकी त्याचीच आमच्याकडे वानवा.

ज्वारीचं माल्ट करणं लातूरच्या हवेला जमतं, जवाचं जमत नाही. जवाला मोड यायला पंधरा-सोळा अंशांचा गारवा लागतो. ज्वारी पंचवीस-तीस अंशांत खुशीत फुटते. मी घरी करून पाहिलं. रब्बीची चाळलेली ज्वारी रात्रभर भिजवायची, मध्ये दोनदा पाणी बदलायचं, सकाळी निथळून ओल्या गोणपाटावर चार बोटं जाडीचा थर द्यायचा आणि वरून दुसरं गोणपाट झाकायचं. दिवसातून तीन-चार वेळा हातानं वरखाली करावी लागते, नाहीतर आतला भाग तापतो आणि वास बिघडतो. तिसऱ्या दिवशी मुळ्या एकमेकींत गुंततात, हात घातला की सगळा थर चटईसारखा उचलून येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी उन्हात पत्र्यावर पसरून वाळवायची आणि मोड चोळून काढून टाकायचे. मोड काढायचे ते नुसत्या चवीसाठी नाही. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आमच्याकडच्या गुराख्यालाही ठाऊक आहे. तोच विषारी अंश मोडात उतरतो. वाळवणं आणि मोड झाडणं यात हयगय चालत नाही. दाणा दाताखाली धरला की कुरकुरीत तुटतो आणि किंचित गोड लागतो. इथवर मी आलो. पुढची पायरी केली नाही. केली असती तरी तुम्हाला लिहून कळवली नसती.

पुढची पायरी पुण्यात शिकलो, तीही ज्वारी थोडी आणि जव जास्त घालून. अडचण अशी, की जवाचं पीठ साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात शिजतं आणि पिठाची साखर करणारी विकरं नेमकी त्याच उष्णतेला जोमात काम करतात. ज्वारीचं पीठ शिजायला सत्तरच्या पुढे जावं लागतं, आणि तिथं ती विकरं मरतात. पीठ शिजलं तर साखर करणारं कोणी उरत नाही. विकरं वाचवली तर पीठ कच्चं राहतं. यावर उपाय आहे. कोमट पाण्यात माल्ट कालवून थोडं थांबायचं. विकरं पाण्यात उतरली की वरचं पाणी काढून बाजूला ठेवायचं, खालची लापशी चांगली उकळायची, निववायची आणि मग काढलेलं पाणी परत घालायचं. गाळतानाही त्रास होतो. जवाच्या टरफलाची आपोआप गाळणी होते, ज्वारी उघडी. म्हणून भाताचा तूस मिसळावा लागतो. हे सगळं जमण्यातलं आहे. नायजेरियानं १९८८ मध्ये जव आणायला बंदी केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीकडे वळावं लागलं, आणि बंदी उठल्यावरही ज्वारी तिथल्या बिअरमधून गेली नाही. दक्षिण आफ्रिकेकडची ज्वारीची पारंपरिक बिअर तर दाट, पांढुरकी आणि आंबट असते. चिबुकू नावाची बिअर खोक्यात भरल्यावरही आंबतच असते, म्हणून खोक्याला वायू सुटायला वाट ठेवतात. पिण्याआधी हलवावी लागते म्हणून लोक तिला ‘शेक शेक’ म्हणतात. चार-पाच दिवसांत ती संपवावी लागते. ती दूर जाऊ शकत नाही, हा तिचा गुण आहे. त्याकडे पुढे येतो.

त्या बिअरची पहिली पायरी मी वाचली तेव्हा हसू आलं. आधी ज्वारीची कांजी आंबवायची आणि मग यीस्ट घालायचं. पहिली पायरी आमच्याकडे दरवर्षी होते. वेळ अमावस्येला लातूर शहर ओस पडतं, स्थानिक सुट्टी असते, सगळे शेतात. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पांडव, भज्जी, उंडे, आणि मडक्यातली आंबील. आदल्या दिवशी ज्वारीच्या पिठाची आंबील शिजवून ताकात आंबायला ठेवतात. लसूण, जिरं, मीठ. आंबिलीत दारू नसते आणि मी तिला दारूच्या पंगतीत बसवतोय असं कोणी समजू नये. सांगायचं एवढंच, की ज्वारी आंबवायची कशी, कुठली आंबट चव चांगली आणि कुठली बिघडलेली, हे ज्ञान आमच्या बायांच्या हातात आहे आणि ते कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही.

आता विरोधाकडे येतो. तो होणारच, आणि तो उगाच होत नाही.

मराठवाड्यात दारूला विरोध करण्याला स्वातंत्र्यलढ्याचा मान आहे. निजामाच्या खजिन्यात आबकारीचा वाटा मोठा होता आणि शिंदी-दारूचे मक्ते लिलावानं जात. म्हणून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात शिंदीची झाडं तोडणं हा सरकारचं उत्पन्न तोडण्याचा एक मार्ग होता. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांना ‘शेतकऱ्याच्या भल्यासाठी बिअर’ हे वाक्य ऐकवणार नाही, अंगावर येतील.

दुसरी आठवण ताजी आहे. २००७ मध्ये राज्यानं धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदान द्यायचं ठरवलं. पावसात काळी पडलेली ज्वारी विकली जाईल, कोरडवाहू शेतकऱ्याला भाव मिळेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. डॉ. अभय बंग, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींनी त्याला कडाडून विरोध केला. पुढं काय झालं ते आमच्या शिवारात दिसतं : खरिपाची ज्वारी गेली, सगळीकडे सोयाबीन. त्यामुळे ज्वारीच्या भावाचं नाव पुढे करून मी काही मागणार नाही. हिशोब साधा आहे. पाचशे लिटरच्या एका घाण्याला सव्वा क्विंटल ज्वारी लागते, म्हणजे वर्षाला साठ-पासष्ट क्विंटल. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये आहे. मी त्यावर हजार रुपये जास्त दिले तरी तीन-चार शेतकऱ्यांचं भलं होईल, मराठवाड्याचं नाही. लहान धंद्याचा फायदा लहानच असतो. गाळून उरलेला चोथा उदगीर-देवणीकडच्या गाईंना आणि कंधारच्या लाल कंधारीला चालतो, तो त्याच दिवशी शेजारी देता येतो. एवढंच.

मग एवढा खटाटोप कशासाठी? थेट दारात विकण्यासाठी. आणि त्यामागचं कारण नांदेड जिल्ह्याच्याच पूर्वेला आहे.

बिलोली, देगलूर, धर्माबादकडे शिंदी अजून विकली जाते. शिंदीच्या झाडाला संध्याकाळी मडकं लागतं, पहाटे रस खाली येईतोवर आंबायला लागलेला असतो. सकाळी गोडसर, दुपारी तुरट, दुसऱ्या दिवशी शिरका. जो झाडावर चढतो तोच विकतो आणि पिणारा झाडाच्या आसपासचा असतो, तोवर या धंद्यात खोट करायला जागाच नाही. बिघडलं की तोंड ओळखीचं असतं. खोट आली ती अंतर वाढल्यावर. झाडं कमी, गिऱ्हाईक जास्त, दुकान शहरात. मग पाण्यात साखर, सॅकरीन आणि गुंगीसाठी क्लोरल हायड्रेट. तुमच्या खात्याला हे मी सांगायला नको, धाडी तुम्हीच घालता. पलीकडे तेलंगणातही तेच. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत भेसळीच्या ताडीनं माणसं गेली.

म्हणून मला बाटली नको, ठोक विक्रेता नको, चार जिल्ह्यांत माल पाठवायची परवानगीही नको. ती मागितली की बिअर टिकवण्यासाठी ती गाळावी लागेल, तापवावी लागेल, आणि मग मी वाळूजच्या कारखान्याची एक वाईट नक्कल होईन. न गाळलेली, जिवंत यीस्टची ज्वारीची बिअर पिंपातून नळानं ग्लासात यावी आणि आठवड्यात संपावी. ती उरली तर नुकसान माझं, म्हणजे मी बनवीनही तेवढीच. ती बिघडली तर दारात येऊन विचारणारा माणूस माझ्याच तालुक्यातला असेल. तुमच्या निरीक्षकालाही एकाच ठिकाणी तपासता येईल : पोत्यातली ज्वारी, टाकीतला माल, नळावरचं मीटर, विक्रीची वही. चार गोदामं आणि बारा दुकानं हिंडायला नकोत.

ताकदीचंही बोलू. कित्येक गावांत देशीचं दुकान आहे. देशी दारूत साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये ७७ मिलिलिटर मद्यार्क जातो. तेवढाच मद्यार्क साडेचार टक्क्यांच्या बिअरमधून घ्यायचा तर पावणेदोन लिटर प्यावी लागते. पोट आडवं येतं. बिअर आली की देशी सुटेल असा दावा मी करत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. काही जण दोन्ही पितील. पण महाराष्ट्रात बिअर म्हटली की बहुतेक ‘स्ट्राँग’च खपते, आणि करांची रचना माणसाला रुपयामागे जास्त नशा शोधायला लावते. जून २०२५ मध्ये विदेशी मद्याचं शुल्क वाढलं आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा धान्याधारित वर्ग निघाला, १८० मिलिलिटरला किमान १४८ रुपये. म्हणजे धान्याच्या कडक दारूला नवा वर्ग काढता येतो. मग धान्याच्या सौम्य बिअरला काढायला काय हरकत आहे?

पाण्याचा प्रश्न तुम्ही विचाराल त्याआधी लातूरकर विचारतील, आणि त्यांचा हक्क आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्यानं कापायचा आदेश दिला, मे महिन्यात साठ टक्के. आदेश योग्य होता. लहान ब्रुअरीत धुणंपुसणं धरून लिटरभर बिअरला सात-आठ लिटर पाणी जातं. मोठे कारखाने याहून कमी वापरतात, हे मान्य करायला हवं. पाचशे लिटरच्या घाण्याला चार हजार लिटर, म्हणजे अर्धा टँकरही नाही. पण ज्या वर्षी बायका रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत असतात, त्या वर्षी अर्ध्या टँकरचाही हिशोब द्यावा लागतो. म्हणून लायसनातच अट घाला : तालुक्यात टंचाई जाहीर झाली की उत्पादन त्या दिवसापासून बंद, अर्ज-सुनावणी काही नाही. शेततळ्यातलं किंवा छपरावरून साठवलेलं पाणीच वापरायचं, बोअर नाही. आमच्या बोअरचं पाणी तसंही इतकं जड आहे की त्यात बिअर धड होत नाही.

परवानगी कोणी द्यायची, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सध्या चालू दुकान बंद करायचं तर गावातल्या बायांना सह्या गोळा कराव्या लागतात, मतदान लावून घ्यावं लागतं आणि गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे ‘बंद करा’वर, शिक्का मारावा लागतो. शेतमजुरीचा दिवस बुडवून, घरच्या पुरुषाच्या नजरेसमोर. माझ्या मागणीच्या लायसनासाठी हे उलटं करा. सुरू करण्याआधी महिलांचं मतदान, आणि निम्म्याहून अधिक उभी बाटली मिळाली तरच परवाना. दर दोन वर्षांनी पुन्हा तेच मतदान, बंद करण्यासाठी नव्हे तर चालू ठेवण्यासाठी. बायांना समजवायचं काम मी करीन, तुम्ही फक्त मतपेटी ठेवा. त्या नाही म्हणाल्या तर मी माल्टचं पीठ करून लहान मुलांच्या खिमटीला विकीन. तोही बरा धंदा आहे.

बाकीच्या अटी थोडक्यात. मद्यार्क पाच टक्क्यांच्या आत. निम्म्याहून जास्त धान्य स्थानिक ज्वारीचं, सातबाऱ्यावर नोंद असलेल्या शेतकऱ्याकडून बिलानं घेतलेलं. दिवेलागणीनंतर नळ बंद. एका माणसाला एका दिवशी दोन ग्लास, आणि बाहेर न्यायला काही नाही. नांदेड शहरात हुजूर साहिबच्या परिसरात, शाळा-देवळांजवळ अर्थातच नाही. फी मात्र लिटरप्रमाणे घ्या. वर्षाची ठोक फी लावलीत तर ती भरण्यासाठीच माणूस जास्त बनवू लागतो, जास्त बनवलं की जास्त खपवावं लागतं, आणि तिथूनच वरच्या सगळ्या अटी ढिल्या पडायला सुरुवात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शासनानं बिअरच्या विक्रीतून महसूल कसा वाढेल हे पाहायला अभ्यासगट नेमला होता. अशा लहान लायसनातून महसूल फारसा वाढणार नाही, हे मी आधीच लिहून देतो.

धोरण एकदम राज्यभर नको असेल तर दोनच परवाने द्या, एक लातूर जिल्ह्यात, एक नांदेडमध्ये, दोन वर्षांसाठी. दुसरा मलाच मिळावा असा आग्रह नाही. देगलूर-मुखेडकडच्या एखाद्या महिला बचत गटाला द्या. त्यांना माल्ट करायला शिकवायला मी येईन आणि आंबवणं त्यांच्याकडून शिकेन.

शेवटी वेळेबद्दल एक विनंती. रब्बीची रास फेब्रुवारी-मार्चमध्ये घरी येते. माल्टसाठी शंभर दाण्यांमागे नव्वदहून जास्त उगवणारी ज्वारी लागते आणि पहिला पाऊस लागला, पोत्याला ओल धरली की उगवण पडते. उत्तर हो असो की नाही, ते पाडव्याच्या आत कळवलंत तर शेतकऱ्यांना त्यांची ज्वारी ठेवायची की आडतीवर घालायची ते सांगता येईल.

आपला,
औसा तालुक्यातला एक अर्जदार